भीमथडीचं शिंगरू आणि मालक नसलेलं कुत्रं

आपल्या इतिहासाच्या पॉडकास्टच्या या भागाचा हा लेखी अवतार. इअरफोन घरी विसरला असाल, मेट्रोत नीट ऐकू येत नसेल, तर वाचून काढा.

आजचा विषय जरा वेगळा आहे. छोटे घोडे आणि मोकाट कुत्री.

तुमच्या फोनवर कधी ना कधी ते रील आलं असेल. कुत्र्याएवढा दिसणारा एक घोडा हॉलमधल्या सोफ्याशेजारी उभा आहे. त्याला मिनिएचर हॉर्स म्हणतात. अमेरिकेतल्या मिनिएचर हॉर्स असोसिएशनच्या नियमाप्रमाणे त्याची उंची ३४ इंचांपेक्षा जास्त असता कामा नये. म्हणजे साधारण आपल्या डायनिंग टेबलापेक्षा थोडा उंच. हे घोडे पाळणाऱ्यांना एक भीती कायम असते, ती म्हणजे शेजारपाजारच्या मोकळ्या सुटलेल्या कुत्र्यांची. एवढ्याशा घोड्याला दोन-तीन कुत्र्यांनी घेरलं, तर त्याचं वजन त्याला वाचवू शकत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे परदेशातल्या हौशी लोकांचं दुखणं, आपल्याला काय त्याचं? तर गंमत अशी आहे की पुणे जिल्ह्याचा स्वतःचा एक लहान चणीचा घोडा आहे. तो सोफ्याशेजारी मावणार नाही, पण मोठ्या अरबी किंवा मारवाडी घोड्याशेजारी उभा केला तर धाकटा भाऊ वाटेल. त्याच्या शिंगराला, म्हणजे पिल्लाला, मोकाट कुत्र्यांचा तोच धोका आहे. आणि त्याला वाचवायची एक पद्धत आपल्याकडे कित्येक पिढ्या चालत होती. ती कशी होती आणि कुठे विस्कटली, ते आज बघू.

जत्रा माहीत आहे, घोडा माहीत नाही

‘भीमथडी’ म्हटलं की पुण्यातल्या निम्म्या लोकांना डिसेंबरमधली भीमथडी जत्रा आठवते. मासवडी, हुरडा, मांडे, पार्किंगची मारामारी. पण हा शब्द मूळचा भूगोलाचा आहे. थडी म्हणजे नदीकाठ. भीमेचा काठ ती भीमथडी, नीरेचा काठ ती नीरथडी, आणि गोदावरीचा काठ ती गंगथडी. इंग्रजांच्या काळात पुणे जिल्ह्यात भीमथडी नावाचा तालुकाच होता. आजच्या दौंड-बारामतीकडचा तो भाग.

हा सगळा कमी पावसाचा पट्टा. माळरान, खुरटं गवत, दगडगोटे. इथे तयार झालेला घोडा तसाच झाला. उंची खांद्यापाशी सव्वा मीटरच्या आसपास किंवा थोडी जास्त. खुर टणक, खाणं कमी, चढ-उताराची सवय. याच भीमथडीच्या तट्टांना यमुनेचं पाणी पाजल्याची बढाई आपण मराठी लोक अजून मारतो. आणि ती नुसती बढाई नाही बरं का. १७३७ मध्ये पहिले बाजीराव दिल्लीच्या वेशीवर जाऊन धडकले. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या. १७७१ मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्ली घेतली. मोठे सरदार अरबी, तुर्की घोडे बाळगत, पण साध्या शिलेदाराखाली आणि बारगिराखाली बहुतेक वेळा असलंच काटक तट्टू असे. जड तोफा आणि बाजारबुणगे मागे ठेवून पुढे सटकायचं, मिळेल ते गवत खायचं, परत पळायचं. गनिमी काव्याचं निम्मं श्रेय या घोड्याच्या पोटाला द्यायला हवं, कारण ते थोडक्यात भरत होतं.

नोंदणीची गोष्ट मात्र फार उशिरा घडली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती, झांस्करी, भुतिया, कच्छी-सिंधी या घोड्यांना स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता होती. भीमथडीला ती अलीकडे मिळाली. कर्नालला पशूंच्या आनुवंशिक संसाधनांची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे जातींची नोंद होते. म्हणजे दिल्लीपर्यंत जाऊन आलेला घोडा कागदावर यायला एकविसावं शतक उजाडलं.

मग मधल्या दोनशे वर्षांत हा घोडा टिकवला कोणी? धनगरांनी. त्यांच्याकडे येऊच, पण आधी एक साधा प्रश्न.

घोडा स्वतःला कसा वाचवतो?

घोड्याकडे संरक्षणाची दोन साधनं आहेत. पहिलं, पळणं. दुसरं, पळता आलं नाही तर मागच्या पायांची लाथ. शिंगं नाहीत, सुळे नाहीत. साहेबाच्या पुढे आणि घोड्याच्या मागे उभं राहू नये, ही म्हण उगाच नाही आली.

आता माणूस घोडा पाळतो तेव्हा काय करतो? नेमकी हीच दोन साधनं बांधून टाकतो. पुढून मानेला अगाडी, मागच्या पायांना पिछाडी. चरायला सोडायचा असेल तर पुढच्या दोन पायांत सैलसर दोरी, म्हणजे पायबंद. आपण आज मीटिंगमध्ये ‘खर्चाला पायबंद घाला’ म्हणतो, तो शब्द तबेल्यातून आलाय. बांधलेला घोडा पळू शकत नाही आणि नीट लाथही मारू शकत नाही. म्हणजे त्याची सुरक्षा आता त्याच्या हातात, किंवा पायात म्हणा, राहिलेली नाही. ती पूर्णपणे बांधणाऱ्याची जबाबदारी झाली. या भागातली सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, पुढे ती परत परत येईल.

शिंगराचं तर विचारूच नका. जन्मताना त्याचं वजन आईच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढं असतं. लहान चणीच्या घोडीचं पिल्लू म्हणजे पंचवीस-तीस किलो. एखादं दांडगं गावठी कुत्रं वीस किलोचं असतं. अशी चार कुत्री रात्री आली, घोडी बांधलेली आहे आणि शिंगरू मोकळं आहे, तर ते काय करेल? घाबरून पळेल. आणि पळणाऱ्याच्या मागे लागणं हा कुत्र्याचा स्वभाव. ‘घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं’ ही म्हण आपण कामाच्या वैतागात वापरतो, पण तिच्यात निरीक्षण पक्कं आहे. शिंगराचं सगळं आयुष्य आईच्या मागेमागे असतं. आईपासून तुटलं की संपलं.

घोड्याची जबाबदारी बांधणाऱ्याची, हे आपल्याकडे किती स्पष्ट होतं त्याचा एक जबरदस्त पुरावा आहे. १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांच्या घोडदळाची छावणी चिपळूणजवळ पडली होती. तिथल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. शेतकऱ्याच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, म्हणून आपण ते आठवतो. पण ते पत्र नीट वाचलं तर त्यातला बराच भाग घोड्यांच्या सुरक्षेचा आहे. पावसाळ्यासाठीचा दाणा-गवत आत्ताच उधळलात तर पुढे उपास पडतील, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असं महाराज बजावतात. पुढे तर कमाल आहे. रात्री दिवा जळता ठेवू नका, कारण उंदीर पेटती वात तोंडात धरून नेईल, गवताला आग लागेल, आणि मग घोड्यांना खायला काही उरणार नाही.

उंदीर, वात, गवत, घोडा. आमच्या कामात याला रिस्क ॲनालिसिस म्हणतात आणि त्यासाठी तासन्‌तास मीटिंगा होतात. इथे एका पत्रात सगळी साखळी मांडली आहे. आणि दोष उंदराला दिलेला नाही. उंदीर उंदरासारखाच वागणार. दिवा कोणी जळता ठेवला, हा प्रश्न आहे. पुढे कुत्र्यांबद्दल बोलताना हा उंदीर लक्षात असू द्या.

वाड्यातली माणसं, मेंढरं, घोडी आणि कुत्री

आता धनगरांकडे येऊ. दिवाळीनंतर पुणे-सातारा-सोलापूरच्या रस्त्यांवर तुम्ही त्यांचे कळप पाहिले असतील. शेकडो मेंढरं, पुढे-मागे फेटेवाले, आणि पाठीवर आख्खा संसार लादलेली घोडी. भांडी, घोंगड्या, खाटेचे पाय, कधी कधी वर बांधलेली कोंबडी, नुकतं जन्मलेलं कोकरू, नाहीतर घरातलं लहान पोर. या घोड्यांमध्ये भीमथडीचं रक्त टिकून राहिलं. ट्रॅक्टर आले, टेम्पो आले, पण माळावरून, घाटातून, शेताच्या बांधावरून जायला अजून घोडीच लागते.

धनगरांचा मुक्काम पडतो त्याला वाडा म्हणतात. पेशव्यांचा वाडा नव्हे, उघड्यावरचा. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवायला बोलावतो, कारण लेंडीखत मिळतं. रात्री मेंढरं जाळीच्या कुंपणात कोंडतात, त्या जाळीला वाघर म्हणतात. घोडी बिऱ्हाडापाशी. आणि भोवती कुत्री.

ही कुत्री म्हणजे या सगळ्या व्यवस्थेचं कुलूप. पिल्लू असल्यापासून ते मेंढरांत, कोकरांत, घोड्यांच्या पायांत वाढतं. त्यामुळे त्याच्या डोक्यात ‘आपले’ आणि ‘परके’ अशी रेघ पक्की बसते. मेंढी आपली, शिंगरू आपलं. लांडगा परका, बिबट्या परका, गावातून भटकत आलेलं दुसरं कुत्रंही परकं. जगभरच्या मेंढपाळांनी हेच केलंय. तुर्कस्तानातला कंगाल, हिमालयातला गद्दी कुत्रा, आपल्याकडचा धनगरी कुत्रा. सगळ्यांचं तत्त्व एकच, कळपासोबत वाढलेलं कुत्रं कळप राखतं.

म्हणजे आपल्या मुलखात घोड्याला कुत्र्यापासून वाचवायचं उत्तर पुन्हा कुत्रंच होतं. फक्त ते कोणाचं तरी होतं.

आणि हे नातं आपण देवापर्यंत नेलं. पुण्याहून हडपसर, दिवेघाट, सासवड करत जेजुरीला जा. खंडोबाच्या चित्रात बघा. देव घोड्यावर, शेजारी म्हाळसा आणि सोबत कुत्रा. खंडोबा हा धनगरांचा मोठा देव. त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे मानतात, कोटंब्यात भिक्षा घेतात. गुंथर सोन्थायमर नावाच्या जर्मन अभ्यासकाने पुण्यात राहून धनगर आणि खंडोबा यांच्यावर आयुष्यभर काम केलं. ज्यांचं जगणं घोडा, कुत्रा आणि मेंढरू यांच्यावर आहे, त्यांच्या देवासोबत घोडा आणि कुत्रा असणारच.

कुत्र्याच्या इमानाची नोंद दख्खनने दगडातही ठेवली. कर्नाटकात अतकूरला दहाव्या शतकातला, राष्ट्रकूट काळातला एक शिलालेख सापडला. रानडुकराशी लढून मेलेल्या काळी नावाच्या कुत्र्याची आठवण त्यात कोरली आहे. आपल्याकडे साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने महाराजांचा जीव वाचवला आणि महाराजांनी त्याला मान दिला, असं सांगतात. नाव बघा, खंड्या.

तर १८०० सालापर्यंतचं चित्र असं होतं. घोडा कोणाचा तरी, कुत्रं कोणाचं तरी, आणि दोघांच्या मध्ये रात्री जागा असलेला माणूस.

१८१८ नंतर

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, १८१८ मध्ये पेशवाई संपली. आपण शाळेत इथे धडा संपवतो. घोड्याची गोष्ट मात्र इथून उतरणीला लागते. हजारो शिलेदार घरी बसले. ज्या घोड्याला फौजेत मागणी होती, तो आता शेतकऱ्याला परवडेना. इंग्रजांना उंच घोडे हवे होते. ते अरबस्तानातून मुंबई बंदरात येत, पुढे ऑस्ट्रेलियातून ‘वेलर’ घोडे येऊ लागले. १८१७ मध्येच उभी राहिलेली पूना हॉर्स ही पलटण आज रणगाड्यांवर आहे. पुण्यात रेसकोर्स झाला, पण तिथे पळतो तो थरोब्रेड. भीमथडीचं तट्टू टांग्याला, ओझ्याला आणि धनगरांच्या बिऱ्हाडाला उरलं. ‘भाडोत्री तट्टू’ ही आपल्या भाषेत शिवी झाली.

कुत्र्याची गोष्ट त्याच वेळी शहरात उलट्या दिशेने चालली होती. मुंबई वाढत होती, कचरा वाढत होता, आणि कोणाचीच नसलेली कुत्री वाढत होती. इंग्रज सरकारचा उपाय सरळ होता. उन्हाळ्यात ठरावीक दिवस मोकाट कुत्री मारायची, आणि मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे बक्षीस. आता बक्षीस लावलं की काय होतं? जे मोजलं जातं तेच वाढतं. लोक घरांच्या दारातली, पाळलेली कुत्रीसुद्धा मारायला लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे. जून १८३२ मध्ये, त्यांच्या सणाच्या दिवशी, कुत्री मारणाऱ्यांवर जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी कोट भागातली दुकानं बंद, इंग्रज शिबंदीचा रसद-पुरवठा अडवलेला. इतिहासात याला मुंबईची कुत्र्यांची दंगल म्हणतात.

पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचं पांजरपोळ उभं राहिलं. मारण्यापेक्षा सांभाळा, हा त्यामागचा विचार. जवळजवळ दोनशे वर्षं झाली, आणि आजचा वाद बघा. मारा की सांभाळा? तेच दोन ध्रुव, फक्त आता ट्विटरवर. ही कुत्री मुळात कोणाची, हा तिसरा प्रश्न तेव्हाही मागे पडला आणि आजही पडतो.

मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली. १८८५ मध्ये लुई पाश्चरने पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या मुलाला लस दिली. भारतात १९०० मध्ये कसौलीला आणि १९०७ मध्ये कुन्नूरला पाश्चर संस्था सुरू झाल्या. म्हणजे कुत्र्याची भीती ज्या रोगामुळे सर्वात जास्त, त्यावर उपाय निघाला. तरी शहरांमध्ये कुत्री मारण्याचं धोरण विसाव्या शतकात बराच काळ चाललं, आणि कुत्री काही कमी झाली नाहीत. कचरा तसाच असेल तर मोकळ्या झालेल्या जागेत दुसरी कुत्री येतात. २००१ मध्ये प्राणी जन्म नियंत्रणाचे नियम आले. पकडा, नसबंदी करा, लस द्या, परत त्याच जागी सोडा. २०२३ मध्ये त्याचे नवे नियम आले, आणि जबाबदारी महापालिकांसोबत ग्रामपंचायतींवरही आली.

२०२५ चा गोंधळ तर तुम्ही लाइव्ह पाहिलाय. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यात हलवायला सांगितलं. २२ ऑगस्टला तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते बदललं, नसबंदी आणि लसीकरण करून परत सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री सोडून. ७ नोव्हेंबरला पुन्हा आदेश आला, शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं, क्रीडा संकुलं यांच्या आवारातली कुत्री हटवा आणि तिथे परत सोडू नका.

या सगळ्या चर्चेत शाळा आहे, दवाखाना आहे, सोसायटी आहे. माळरानावरचा वाडा कुठेच नाही.

एका घोड्यामागे पंचेचाळीस

आता आकडे. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून सुमारे सव्वासहा लाख होती. २०१९ मध्ये उरली सुमारे ३.४ लाख. सात वर्षांत जवळजवळ निम्मी गेली. त्याच २०१९ च्या गणनेत मोकाट कुत्री किती? सुमारे १ कोटी ५३ लाख. २०१२ पेक्षा थोडी कमीच. तरी भागाकार करा. देशात एका घोड्यामागे पंचेचाळीसच्या आसपास मोकाट कुत्री आहेत.

पुण्याच्या आजूबाजूला हे प्रत्यक्ष कसं दिसतं? जेजुरीच्या त्याच रस्त्यालगत उरुळी देवाची-फुरसुंगीचा कचरा डेपो आहे. तिथल्या गावकऱ्यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलनं केली. आपल्या घरातला ओला कचरा शहराबाहेर जातो, तेव्हा त्याच्यासोबत कुत्र्यांचं अन्नही जातं. पुढे माळावर पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या टाकल्या जातात. त्यावर जगणारी कुत्री हळूहळू टोळीने राहायला लागतात, आणि टोळीतलं कुत्रं एकट्या कुत्र्यासारखं वागत नाही. दिवसा गावात शेपूट हलवणारं तेच कुत्रं रात्री माळावर शिकारी होतं.

त्याचा फटका फक्त मेंढरांना आणि शिंगरांना बसत नाही. सासवड, सुपे, बारामतीकडची माळरानं हे लांडग्याचंही घर. सुप्याजवळ चिंकारांसाठी मयूरेश्वर अभयारण्य आहे. २०२३ मध्ये पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. म्हणजे लांडग्याचं लांडगेपणही धोक्यात आलंय.

आता धनगराच्या जागी उभे राहा. सकाळी उठलात, जनावर फाडलेलं आहे. लांडग्याने किंवा बिबट्याने जनावर मारलं तर वन विभागाच्या नुकसानभरपाईची वाट असते. मोकाट कुत्रं वन्यप्राणी नाही, त्यामुळे ते त्या योजनेत बसत नाही. पाळीव कुत्रं असेल तर मालकाला धरता येतं. याला मालकच नाही. महापालिकेची हद्द मागे राहिली, ग्रामपंचायतीकडे ना गाडी ना डॉक्टर. आणि वाडा तर उद्या पुढच्या गावाला जायचाय. तक्रार कोण, कुठे आणि किती दिवस करणार?

वाड्याभोवतीची राखणही विरळ झालीय. माळ कमी झाला, उसाचं क्षेत्र वाढलं, घरातली पोरं शिकायला गेली. रात्री जागणारी माणसं कमी आणि बाहेरची कुत्री जास्त. गावाकडची लस न टोचलेली कुत्री वाड्याच्या कुत्र्यांना चावली, तर राखणदारच आजारी पडतो.

मग करायचं काय?

इतिहासाच्या पॉडकास्टवर उपाय सांगू नयेत असा काही नियम नाही. शिवाय तुमच्यातल्या काहींच्या घरी, गावी घोडी असतील. काहींच्या ओळखीत फार्महाऊसवर छोटे घोडे असतील.

पहिली गोष्ट, रात्री घोडा उघड्यावर बांधून सोडू नका. बांधायचाच असेल तर माणूस जवळ हवा. नाहीतर बंदिस्त जागेत मोकळा ठेवा, म्हणजे त्याला निदान वळता येईल, लाथ मारता येईल. कुंपण पाचेक फूट उंच, जाळीचं, आणि खालून जमिनीत गाडलेलं किंवा बाहेरच्या बाजूला दुमडलेलं हवं, कारण कुत्री वरून उडी मारण्यापेक्षा खालून उकरतात. व्यायलेली घोडी आणि शिंगरू सर्वात आत. धनगर हे पूर्वीपासून करतात. नाजूक जीव मध्ये, बाकी सगळे भोवती.

दुसरी, लस. घोड्यालाही रेबीज होतो. लक्षणं दिसल्यावर उपाय नाही, पण आधी दरवर्षी लस देता येते. कुत्रं चावलं तर जखम लगेच वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि पशुवैद्याला बोलवा. चावा बारीक असला तरी. आणि एक धोका सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. घोडा चारा गिळेना, लाळ गाळतोय, म्हणून आपण त्याच्या तोंडात हात घालून बघतो, घशात काही अडकलंय का ते. रेबीज झालेल्या घोड्याच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं. पशुवैद्य येईपर्यंत हात लांब ठेवा.

तिसरी, वाड्याची कुत्री. त्यांची लस आणि नसबंदी कोणी केली तर ती फक्त धनगरांवर मेहेरबानी नाही. ती कुत्री पुणे ते कोकण फिरतात, गावोगावच्या कुत्र्यांना भेटतात. लस टोचलेलं धनगरी कुत्रं म्हणजे आख्ख्या वाटेवरचं संरक्षण. कुत्र्यांमुळे होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवायचा, असा आपला राष्ट्रीय आराखडा आहे. तो फक्त शहरातल्या गल्ल्या मोजून पूर्ण होणार नाही.

चौथी गोष्ट तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरातली. ओला कचरा जिथल्या तिथे जिरवा. आणि सोसायटीत कुत्र्यांना खायला घालत असाल तर चांगलंच आहे, पण मग त्यांच्या नसबंदीची आणि लसीची तारीखही तुमच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये असू द्या. जो खायला घालतो आणि लसही टोचून घेतो, तो निम्मा मालक झाला.

चिपळूणच्या छावणीतला उंदीर आठवतोय ना? महाराजांनी उंदीर मारायचं फर्मान काढलं नाही. रात्री दिवा कोणी विझवायचा ते सांगितलं.

यंदा दिवाळीनंतर सासवड रस्त्याला किंवा नगर रस्त्याला धनगरांचा कळप आडवा आला, तर हॉर्न वाजवू नका. गाडी बाजूला घ्या आणि ओझ्याच्या घोडीमागे बघा. तिच्या मागच्या पायांशी घुटमळत एखादं शिंगरू चालत असेल. आणि त्याच्या बाजूने, कोणाकडे न बघता, एक कुत्रं.

भाग आवडला असेल तर घरातल्या आज्जी-आजोबांना ऐकवा, त्यांच्याकडे टांग्याच्या आणि घोड्यांच्या गोष्टी असतील, त्या आम्हाला पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत, येळकोट येळकोट जय मल्हार!